चार मिनिटांची नदी

आमच्या चर्चमध्ये मयताच्या वेळी कोणाला बोलायचं असेल तर त्याला दोन मिनिटं मिळतात. छापील पत्रिकेवर तसं लिहिलेलंच असतं: दोन शब्द, कृपया दोन मिनिटांत. माणूस आटपत नसला की मी ऑर्गनवर हळूच सूर धरते. तो सूर म्हणजे 'बस झालं, खाली बस', हे हार्लेममधलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तरीही गाडी थांबली नाही तर मी आवाज वाढवते. चाळीस वर्षांत मी दोन नगरसेवक, एक बिशप आणि एकदा माझा सख्खा नवरा असा खाली बसवला आहे.

त्यामुळे माझ्या भावाच्या अंत्यविधीला हार्लन व्हिटकॉम बोलणार हे सांगायला रेव्हरंड मॅकाडू स्वतः माझ्याकडे आले.

"सिस्टर अर्नेस्टाइन, ऐंशी वर्षांचा म्हातारा कॅलिफोर्नियाहून आलाय. बाहेर टीव्हीवाले उभे आहेत. नाही कसं म्हणू?"

"कशाला म्हणता? बोलू दे की. दोन मिनिटं."

"शांतपणे घ्याल ना?"

"मी कधी अशांत असते का?"

यावर रेव्हरंड नुसते खोकले आणि निघून गेले.

अलोन्झो गॅडसन हा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दक्षिण कॅरोलिनातल्या आमच्या गावातून, जॉर्जटाउनमधून, सोळाव्या वर्षी तो तंबूतल्या नाटक कंपनीबरोबर पळाला तो थेट साठ वर्षं रंगमंचावरून उतरला नाही. हार्लेममधल्या आमच्या काळ्या लोकांच्या थिएटरांत तो राजा व्हायचा, सेनापती व्हायचा, आणि खाली शहरात गोऱ्यांच्या थिएटरांत गेला की हातात ट्रे. सिनेमात तर विचारूच नका. सदतीस सिनेमांत तो खानसामा होता आणि नऊ सिनेमांत हमाल. 'होय साहेब' हे दोन शब्द त्याने इतक्या तऱ्हांनी म्हटले की त्यातल्या निम्म्या शिव्या होत्या, आणि त्या फक्त आम्हाला कळायच्या. पुढे बासष्टाव्या वर्षी त्याने गोऱ्यांच्या मोठ्या थिएटरात राजा केला, तेव्हा त्यांच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की एका नव्या नटाचा शोध लागला आहे. अलोन्झोने ते कात्रण माझ्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला. तोच राजा त्याने हार्लेमच्या एकशे पस्तिसाव्या रस्त्यावर तिशीतच केला होता.

तो हसायचा. मला नाही हसू यायचं. भाऊ गोड स्वभावाचा निघाला, घरातलं तिखट सगळं माझ्या वाट्याला आलं.

व्हिटकॉमची गोष्ट एकेचाळीस सालची. तो सिनेमे काढायचा. त्याने अलोन्झोला नावाड्याचं काम दिलं. ट्रे नाही, 'होय साहेब' नाही. पळून आलेला गोरा नायक होडीत बसतो, आणि नदी ओलांडताना हा काळा नावाडी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगतो की तू भित्रा आहेस, परत जा. पूर्ण चार मिनिटं. अलोन्झोने पत्रात आईला लिहिलं, 'या वेळी तुझ्या मुलाला बघायला जा. या वेळी मान खाली घालावी लागणार नाही.'

मी मुद्दाम गावी गेले होते. आईने पांढरी टोपी घातली, चर्चमधल्या चौदा बायका बरोबर घेतल्या. आम्ही मागच्या जिन्याने वर माळ्यावर चढलो. काळ्यांची जागा तिथेच असायची. सिनेमा सुरू झाला. नायक नदीच्या अलीकडे झोपला. मग नायक नदीच्या पलीकडे उभा होता. होडी नाही, नावाडी नाही.

कोणीतरी मागून म्हणालं, "व्हेनी, अगं तुझा लेक कुठाय?"

आई म्हणाली, "माझाच डोळा लागला असेल गं." आणि ती दुसऱ्या खेळालाही बसली. टोपी न काढता, डोळे ताठ उघडे ठेवून. दुसऱ्यांदाही नायक अलीकडे झोपला आणि पलीकडे उठला. माळ्यावर बायका खुसखुसत होत्या. घरी येताना ती मला म्हणाली, "अलोन्झोला काही सांगू नकोस. तू छान दिसलास म्हणाव. विचारलंच, तर टोपी छान होती म्हणाव."

तसं मी लिहिलं. अलोन्झो त्या चार मिनिटांत पहिल्यापासून शेवटपर्यंत बोडका होता.

पत्र वाचून तो काय ते समजला आणि सरळ व्हिटकॉमकडे गेला. व्हिटकॉमने लपवलंसुद्धा नाही. दक्षिणेतली थिएटरं असली दृश्यं दाखवत नाहीत, म्हणून त्याने ती चार मिनिटं मुळातच अशी घेतली होती की कात्री लावली तर शिवणही दिसू नये. वर म्हणाला, "गॅडसन, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. गोष्ट तशीही पूर्णच वाटते."

आई पुढच्या हिवाळ्यात गेली. लेक सिनेमात आहे असं खोटंच सांगत होती, असं गावात तिच्यामागे म्हणायचे ते म्हणायचेच. आणि अलोन्झोने? पोटासाठी त्याच व्हिटकॉमच्या आणखी सहा सिनेमांत ट्रे धरला. मरायच्या आधी इस्पितळात मला म्हणाला, "सोड गं आता. म्हातारा झालाय तो."

मी म्हटलं, "म्हातारा झाल्याने कोणी आपल्या आईचा देणेकरी राहत नाही का?"

तो भिंतीकडे वळून झोपला.

तर विधीच्या दिवशी चर्च खच्चून भरलं होतं. वरच्या सज्ज्यापर्यंत माणसं, पांढरे हातमोजे घातलेल्या बायका, हातात पुठ्ठ्याचे पंखे. फुलांआड भाऊ राजासारखा झोपलेला. व्हिटकॉम काठी टेकत माइकपाशी गेला. मी ऑर्गनवरचं घड्याळ सरळ करून ठेवलं.

"अलोन्झोला मी घडवला," त्याने सुरुवात केली.

पहिल्या बाकावर चर्चच्या कारभाऱ्याच्या, डीकन पर्विसच्या, पंख्याचा वारा एकदम वाढला. व्हिटकॉम सांगत राहिला. त्याने काय हेरलं, काय संधी दिली, त्याला किती त्रास सोसावा लागला. म्हणजे व्हिटकॉमला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण हात मांडीवर होते. पूर्ण दोन मिनिटं मी त्याला दिली, एक सेकंद कमी नाही.

मग सूर धरला.

आणि तो मेला खूष झाला! त्याला वाटलं, आम्ही त्याच्या भाषणाला संगीत देतोय. माझ्याकडे बघून त्याने मान डोलावली आणि आवाजात कंप आणला. सगळ्या चर्चभर पंखे तोंडावर गेले. आमची माणसं मयतात हसत नाहीत, पण खांदे हलतात ते कसे लपवणार? मागून कोणीतरी ओरडलं, "थोडक्यात, भाऊसाहेब!" तो त्यालाही मान डोलावून पुढे बोलू लागला.

मी आवाज वाढवला. तेव्हा कुठे त्याला काहीतरी कळलं. त्याने काठी टेकवली, खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्याचा चेहरा बदलला. ऑर्गन त्याच्यापासून चार हातांवर आहे, म्हणून त्याचं बोलणं मला ऐकू आलं. ऑर्गनच्या गजरात दुसऱ्या कोणाला नाही.

"एक गोष्ट मला आज सगळ्यांसमोर कबूल करायची आहे," तो म्हणत होता. "एकेचाळीस साली एक नदी होती. अलोन्झोची आई..."

माझे हात थांबू शकले असते. खोटं कशाला बोलू? नुसते उचलले असते तरी पुरे होतं. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, साऱ्या हार्लेमसमोर, माझ्या आईचं खरेपण त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं असतं. तेहतीस वर्षं मला तेच हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला वाटलं, हा आता रडणार, मग आमचे भले लोक 'आमेन' म्हणणार, कोणीतरी त्याला मिठी मारणार, आणि हा हलका होऊन विमानाने घरी जाणार. आई दुसऱ्या खेळालाही बसली होती. तिला कोणी हलकं केलं होतं?

मी उजव्या पायाखालची आवाजाची पट्टी तळापर्यंत दाबली. सगळा गायकवृंद गात उठला, मागोमाग सगळं चर्च उठलं. भिंती हलल्या. व्हिटकॉमचे ओठ हलत होते आणि एक शब्द बाहेर येत नव्हता. डीकन पर्विसने त्याला कोपराला धरून बाकावर आणलं. आत्ता माइकपाशी होता, आत्ता बाकावर. मधे काय होतं ते कोणालाच कळलं नाही.

दफनानंतर तळघरात जेवण होतं. कोंबडी, बटाट्याची कोशिंबीर, रताळ्याचं सारण भरलेली गोड पाई. मी माझी ताटली घेऊन बसले होते. तो काठी टेकत समोर आला. कागद अजून हातात होता.

"बाईसाहेब, मी माफी मागणार होतो. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत."

मी चमचा खाली ठेवला. "व्हिटकॉमसाहेब, मनाला लावून घेऊ नका. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. विधी तसाही पूर्णच वाटला."

त्याला स्वतःचेच शब्द आठवले. तो ज्या खुर्चीला धरून उभा होता तिच्यात हळूच बसला, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. लोक त्याच्या बाजूने ताटल्या घेऊन ये-जा करत होते.

अलोन्झो असता तर त्याने म्हाताऱ्याला खायला वाढलं असतं. मी नाही वाढलं. मी माझी पाई संपवली, आणि दुसरा तुकडा घ्यायला उठले.