घंटी वाजल्यावर

मित्रांनो, दिसायला मी टोमॅटो, पण आहे एक जुना टायमर. पोट पिळलं की टिकटिक करतो आणि वेळ भरली की खणखणतो. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या एका दुकानातून सुमेधाने मला केकसाठी आणलं, पण माझी खरी नोकरी लागली ती फोनपाशी.

२००१ साल होतं. अमरावतीला फोन लावायचा म्हणजे खिशाला कात्री. म्हणून दर रविवारी सकाळी ती मला दहा मिनिटांवर लावायची आणि वडिलांशी, अण्णांशी, बोलायची. अण्णांची तऱ्हाच न्यारी! नऊ मिनिटं हवापाणी आणि शेजाऱ्यांची भांडणं. मी खणखणलो की मात्र घाईघाईने म्हणायचे, "अगं, राहिलंच! बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घाबरू नकोस." कधी नुसतंच, "करमत नाही गं तुझ्याशिवाय." मनातलं सगळं घंटीनंतर. मला भारी अभिमान वाटायचा.

मग एका रविवारी अण्णा आनंदाने ओरडलेच, "सुमे, सरकारने फोनचे दर उतरवले! तुझ्याकडेही फोनची कार्डं स्वस्त झालीत म्हणे. आता ठेव तो टोमॅटो बाजूला!"

तिने ठेवला. ड्रॉवरमध्ये, उलथन्यांखाली. आता फोन रोज व्हायचा, भांडी घासताना, स्पीकरवर. "अण्णा, मीटिंग आहे, उद्या कॉल करते हं!" दुसऱ्या दिवशीही तेच. घंटीच नाही, तर राहिलेलं सांगायचं कधी? मी आपला आत कुढत बसायचो.

२००५ च्या जानेवारीत, दारात बर्फ साचलेला असताना, आईचा फोन आला. अण्णा गेले होते. हृदयविकाराने. आई रडत म्हणाली, "महिनाभर छातीत दुखत होतं गं त्यांच्या. सुमीला सांगा म्हटलं, तर म्हणायचे, फोन काय, आता रोजचाच आहे. सांगेन उद्या."

सुमेधाने ड्रॉवर उपसून मला बाहेर काढलं आणि उराशी धरून ओक्साबोक्शी रडली.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, रंगही उडालाय. मित्रांनो, फोन स्वस्त झाला हे चांगलंच झालं. पण फोन ठेवण्याआधी आपल्या माणसाला एवढं विचारा, काही राहिलं का?

सुमेधा विचारते. दर रविवारी मला पिळते. मी खणखणलो की स्पीकर बंद करते, रिसीव्हर कानाला लावते आणि म्हणते, "आई, घंटी वाजली. आता सांग."

परवा घंटी वाजेपर्यंत आई हवापाण्याचंच बोलत होती. मग म्हणाली, "एकटीला जेवण जात नाही गं."