वर्षातून एकदा उघडणारी पेटी

आवळे, चिंचा, उसाच्या कांड्या. खंडेराव मार्केटातून येताना एक कांडी स्कूटरवरून पडली. उचलायला कोण थांबतंय.

"मोहना, नोव्हेंबर आला हं." तरसालीहून बाबांचा फोन. "आला तर आला," म्हणून तिने ठेवूनही दिला.

लॅपटॉपवर, नव्वद दिवसांतला वापर : शून्य.

बोहारणीला द्यायचं गाठोडं. दोन विटक्या साड्या, लेकाच्या, विहंगच्या, आखूड झालेल्या पँटी, एक पांढरं कापड.

"मोहनाबेन, पेटी डिलीट करी नाखी ने? सरस!" हा उत्कर्ष. ऑफिसातला गुजराती साहेब, वयाने धाकटा.

आठवडाभर हे असं. एका कामात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. मोहनाचं चित्त कुठेच ठरत नव्हतं. पोळी करपली की ती गॅस बंद करायची आणि तवा तसाच ठेवून लॅपटॉप उघडायची. पेटी तिथेच होती. राखाडी अक्षरांत. उद्या दुपारी नसणार होती.

पेटी म्हणजे किल्ल्यांची. मोहना ज्या छोट्या कंपनीत क्लाउडचं काम बघते, तिथे लोकांची माहिती एका जागी कुलूपबंद आणि किल्ल्या दुसऱ्या जागी, अशी रीत. पेटी पुसली की माहिती असून नसल्यासारखी. मग ब्रह्मदेव आला तरी उघडायची नाही. म्हणून पुसलेली पेटी लगेच जात नाही. काही दिवसांची मुदत असते, त्या मुदतीत परत आणता येते. उत्कर्षने सगळ्यात लहान मुदत निवडायला लावली होती. काम नव्या पेटीवर गेलंय, जुनी रिकामी पडलीय, ठेवायची कशाला? मोहनाने नियमाप्रमाणे नव्वद दिवस मागे पाहिलं. कोणी हात लावला नव्हता. तिने बटण दाबलं.

"हे गाठोडं कुणी बांधलं?" वाडीतल्या घराच्या दोन खोल्यांत अहल्याबाईंचा, तिच्या सासूबाईंचा, आवाज खणखणला.

"मी. का हो?"

सासूबाईंनी पांढरं कापड ओढून काढलं. मध्यावर कुंकवाचं फिकट स्वस्तिक. "अंतरपाट आहे हा! उद्या तुळशीचं लग्न काय टॉवेल धरून लावायचं?"

"वर्षभर कुणी हात लावला नाही, आई. मला वाटलं—"

"अगं, वर्षातून एकदाच लागतो तो! रोज लागायला काय पोळपाट आहे?"

मोहनाच्या हातातला आवळा घरंगळत कॉटखाली गेला.

तिने लॅपटॉप ओढला. नव्वद दिवस नव्हे. मागे, अजून मागे. दिवाळी, गणपती, उन्हाळा, होळी, संक्रांत. शून्य, शून्य. आणि मग गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, मुंग्यांच्या वारुळासारखा भरलेला. बंद पडलेल्या काचकारखान्याचे पेन्शनर. दर नोव्हेंबरात फोनसमोर चेहरा धरायचा, जुन्या चेहऱ्याशी ताडून बघायचं, हयातीचा दाखला निघायचा. प्रत्येकामागे एक किल्ली. नव्या पेटीत नंतर आलेल्यांच्या किल्ल्या होत्या. या म्हाताऱ्यांच्या कोणी हलवल्याच नव्हत्या. नव्याने नोंद करायची तर कारखान्याची सही हवी, आणि कारखान्याच्या जागी आता फ्लॅट आहेत.

त्यात गजेंद्ररावही होते. तिचे बाबा. दरवर्षी त्यांच्यासमोर फोन ती स्वतः धरते.

पेटी परत आणायला दोघांची मंजुरी लागत होती, तिची आणि साहेबाची.

"उत्कर्ष, मंजुरी दे. आत्ता."

"अरे, शुं थयुं? शांती राखो ना, मोहनाबेन. मी लग्नाच्या जमणवारात आहे, हातात बासुंदी आहे."

"डाव्या हाताने दे."

"पण ऑडिटवाल्याला आपण लिहून दिलंय, जुनं सगळं काढलं म्हणून. मी काय तोंड दाखवू?"

"तुझं तोंड ऑडिटवाला ओळखेल रे. माझ्या बापाचं कोण ओळखणार आहे?"

पलीकडे सनई वाजत होती. कोणीतरी उत्कर्षला आणखी वाढत होतं. "बस, बस," तो त्यांना म्हणाला, मग हिला, हळूच, "तुमचे फादर पण त्यात आहेत?"

"माझे नसते तरी फोन केला असता," मोहना म्हणाली. केला असता का, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

राखाडी अक्षरं काळी झाली.

तरी जिवाला चैन नाही. पेटी दिसते म्हणजे उघडतेच असं कुठे आहे? सकाळी ती थेट तरसालीला. बाबा अंगणात बनियनवर.

"शर्ट घाला, बाबा."

"दाखल्यासाठी? अजून कॅम्प कुठे लागलाय?"

"मला बघायचंय."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, गळ्यापर्यंत बटणं लावून. "दात घालू का?"

"गेल्या वर्षी होते?"

"होते की. तूच म्हणालीस, तोंड बसकं दिसतं."

"मग घाला."

ते खुर्चीत ताठ बसले. फोनने डोळे मिटून उघडायला सांगितलं. त्यांनी मिटले ते मिटलेच.

"उघडा, बाबा!"

"सांगेल ना तो."

पडद्यावर गोल फिरत राहिला. बाबांनी खालून तिचं मनगट धरलं, चित्र हलू नये म्हणून. गोल हिरवा झाला.

"काय म्हणतोय?"

"आहात म्हणतोय."

"बरं," गजेंद्रराव म्हणाले, पण उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान ताठ, तसेच बसून राहिले. तिने फोन कधीच खाली घेतला होता.

गजेंद्रराव पुढल्या ऑगस्टात गेले, आणि त्यांची एकट्याची किल्ली मोहनाने पुसली.