पुढची रिकामी खुर्ची

लंडनला संसदेत, लॉर्डांच्या सभागृहातल्या जेवणघरात मी सव्वीस वर्षं वाढायला होते. तिथल्या लांब टेबलाचा नियम एकच: आत आलात की पुढची रिकामी खुर्ची तुमची. शेजारी खानदानी ड्यूक येवो, नाहीतर कालच नेमलेला कामगार पुढारी. लॉर्ड हॅसलवूडना हे फार आवडायचं. बायको गेल्यापासून घरी ते ओट्यापाशी उभ्यानेच जेवायचे, तेही उरकायचं म्हणून.

मग एका वर्षी नव्या कायद्याचा मसुदा मताला आला. बापजाद्यांकडून आलेल्या जागा रद्द, पदव्याही रद्द. टेबलावर नुसती वादाची आग.

"प्रोबर्टबाई," हॅसलवूड म्हणाले, "तुम्ही माझ्या जागी असता तर मत कुठे टाकलं असतं?"

माझा बाप वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत राबला. आडपडदा मला जमत नाही. "तुमच्या खापरपणजोबांनी राजाला घोडे पुरवले म्हणून माझ्या पोरांचे कायदे तुम्ही का करायचे? मी तर सगळ्यांना कधीच घरी पाठवलं असतं."

"मलाही?"

"तुम्हालाही. मटणावर पुदिन्याचा सॉस घालू?"

ते खो खो हसले. मी आत गेले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. बोलले ते खरंच होतं, पण त्या माणसाला चार माणसांत जेवायला दुसरी जागा नव्हती हो!

मतदानाची घंटा झाली. तिथे मत द्यायचं म्हणजे 'मान्य' किंवा 'अमान्य'च्या दारातून चालत जायचं; लॉर्ड हॅसलवूड 'मान्य'वाल्यांच्या दारातून गेले, स्वतःच्याच जागेविरुद्ध. परत आले तर शेजारचा ड्यूक तोंड फिरवून बसला. यांनी गार झालेलं मटण संपवलं.

"बाई बरोबर बोलत होत्या," एवढंच त्याला म्हणाले. मला भडभडून आलं.

कायदा झाला, त्यांचं सभागृहात येणं बंद झालं. दोन महिने मला चैन पडेना. शेवटी चिठ्ठी धाडली: शुक्रवारी आमच्या नोकरांच्या कँटीनमध्ये मासे आणि चिप्स असतात, माझे पाहुणे म्हणून या.

आले, त्याच जुन्या करड्या कोटात. फाटकावरच्या वहीत सवयीने 'हॅसलवूड' एवढंच लिहिलं.

"आजोबा, पूर्ण नाव लिहा," पहारेकरी म्हणाला.

त्यांनी ते खोडलं आणि सावकाश लिहिलं, 'ॲम्ब्रोस टिंडल'. "वडील गेले, त्यांची पदवी माझ्याकडे आली, तेव्हापासून हे कधी लिहिलंच नाही," मला म्हणाले.

कँटीनमध्ये ही गर्दी, हा गलका! ते ट्रे धरून दारातच थांबले.

"प्रोबर्टबाई, इथे बसायचं कुठे असतं?"

"कुठे म्हणजे? वर जेवणघरात होतं तसंच. ती बघा, पुढची रिकामी खुर्ची."

ते खुशीत जाऊन बसले. भांडी घासणाऱ्या डेस्मंडने मीठ पुढे सरकवलं आणि दोघांच्या फुटबॉलवर गप्पा सुरू झाल्या.

मी साफ खोटं बोलले होते. आमच्याकडे असला काही नियम नाही, ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. ती माझी होती. त्या दिवशी मी खिडकीपाशी उभ्यानेच जेवले.