डेल्मरचं पॉलिश

माझ्या नवऱ्याची, डेल्मरची, नखं बारा महिने काळी असतात. कोळशाच्या खाणीत तो कधी उतरलेला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो अख्ख्या नेमबाजी क्लबाच्या पिस्तुलांचे चाप हलके व्हावेत म्हणून घासतो. माझ्या बेकिंगच्या ताटलीत स्प्रिंगा, माझ्या टूथब्रशवर चांदी चमकवायची पेस्ट, कानात घालायच्या कापसाच्या काड्या सगळीकडे काळ्या होऊन पडलेल्या. त्याच हातांनी तो बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून खातो. मला शिसारी येते.

पण खरी किळस त्या मित्रमंडळाची. गार्लंड आणि बॉइड कॉफी प्यायला येतात आणि घासून झालेलं रिकामं पिस्तूल आळीपाळीने हातात घेतात. चाप ओढायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आहाहा!"

"लोणी रे, निव्वळ लोणी!" असं गार्लंड म्हणतो. हा आमच्या क्लबाचा अध्यक्ष.

"माझ्या बायकोला पण जरा घासून दे," बॉइड म्हणतो, आणि तिघं खिंकाळतात. ताणलेला घोडा, गोळीवर आपटणारा तो भाग, धक्का बसला तरी जागेवर थांबतो का, हे एकानेही कधी तपासलं नाही. बोटाला गोड लागलं की काम झक्कास.

क्लबातला क्लाइड वसंतात वारला. त्याचं पिस्तूल त्याच्या मुलीकडे, कॅसिडीकडे आलं. मुलगी शांत, बापासारखीच हट्टी. बापाच्या जागी ती क्लबात आली तेव्हा या म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. तिने डेल्मरला विचारलं, "जरा साफ करून, तेल घालून द्याल का? बाबा तुमच्यावर विश्वास ठेवायचे."

याने तेल घातलंच, पण आतले भागही घासले. मी पाहिलं. क्लाइडच्या पिस्तुलाचा घोडा आणि त्याला अडवून धरणारा तो छोटासा तुकडा माझ्या ताटलीत पडला होता.

"तिने सांगितलंय का हे?" मी विचारलं.

"अगं, पोरीची बोटं नाजूक. क्लाइडचा चाप म्हणजे दगड होता. भेट समज."

"तिला सांग तरी."

"सांगतो गं, सांगतो."

शनिवारच्या मॅचला रेंज ऑफिसर मी असते. शूटरच्या खांद्याशी उभं राहायचं, हुकूम द्यायचे, नजर त्याच्या हातावरून हलवायची नाही. हे काम मी डेल्मरपेक्षा चांगलं करते, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅसिडी रेषेवर आली. मी म्हणाले, "भरा आणि तयार व्हा." तिने गोळ्यांचं मॅगझिन बसवलं, वरची सरकती स्लाइड मागे ओढून सोडली, आणि स्लाइड पुढे आदळताक्षणी गोळी सुटली. तिच्या बुटापासून हातभर पुढे माती उडाली.

"थांबा!" मी ओरडले. पिस्तूल तिने गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडेच रोखून धरलं होतं. शाब्बास पोरी. मी ते घेतलं, रिकामं केलं, स्लाइड उघडीच ठेवली.

आमच्या क्लबात नियम असा की गोळी नको तेव्हा सुटली तर दोष शूटरच्या बोटाचा. त्याने त्या दिवशी घरी जायचं, आणि समिती ठरवेल तोवर क्लबाचं तोंड बघायचं नाही. समिती म्हणजे गार्लंड, बॉइड आणि डेल्मर. पोरगी परत आत आली नसती.

"सॉरी," कॅसिडी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "माझं बोट लागलं असणार. मला कळलंच नाही, मिस रोवीना. सॉरी. बाबा असते तर..."

"होतं असं, पोरी," गार्लंड मागून म्हणाला, आवाजात मध घालून. "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

मी डेल्मरकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाने खडे सारत होता. पोरगी माफी मागत होती आणि हा मागू देत होता. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्या माणसाची मला त्या क्षणी ओकारी आली.

"तुझं बोट चापाच्या बाहेर होतं," मी म्हणाले. "सरळ, पिस्तुलाच्या चौकटीला चिकटलेलं. मी बघत होते."

"रोवीना, वाऱ्यात नीट दिसत नाही," बॉइड म्हणाला.

"वाऱ्यात बोट दिसत नाही होय रे? बरं, मग हे बघ."

रिकामं पिस्तूल बांधाकडे धरलं. चेंबरमध्ये गोळी नाही हे गार्लंड-बॉइडला दाखवलं. बोट लांब ठेवून स्लाइड मागे ओढली आणि सोडली. घोडा वर थांबायला हवा होता. तो स्लाइडच्या मागोमाग खाली आला. टक्. पुन्हा केलं. पुन्हा टक्.



"हे भाग माझ्या बेकिंगच्या ताटलीत होते," मी म्हणाले. "कॅसिडी, तू तेल घालायला दिलंस ना? याने तुला न विचारता घासले. घोडा अडवायला पकड उरलीच नाही आत."

कॅसिडीने डेल्मरकडे पाहिलं. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"एखादा कण अडकला असेल," तो म्हणाला. "माझ्या कामात असं कधी..."

"ठीक आहे," मी म्हणाले. "मॅच चालू. कॅसिडीचं नाव तसंच राहील. पुढचा, गार्लंड."

गार्लंडचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो डेल्मरकडे बघत राहिला. "माझं... माझं ठीक आहे ना रे?" त्याने हळूच विचारलं.

"तुझं झकास आहे," डेल्मर म्हणाला, पण जमिनीकडे बघून.

"आज राहू दे," गार्लंड म्हणाला. "खांदा दुखतोय."

बॉइडचंही काहीतरी दुखत होतं. हीच माणसं मघाशी त्या पोरीला घरी पाठवायला निघाली होती. मला थुंकावंसं वाटलं, आणि मी थुंकलेही.

"डेल्मर," मी म्हणाले.

तो आला. रेषेवर उभा राहिला. कमरेला त्याचं स्वतःचं पिस्तूल, ज्याची तारीफ ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

"भरा आणि तयार व्हा."

त्याने मॅगझिन हातात घेतलं. काळ्या नखांची ती बोटं मॅगझिनभोवती आवळली आणि तशीच राहिली. कॅसिडी त्याच्याकडे बघत होती, सगळेच बघत होते.

"रो," तो अगदी हळू म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हणाले. "भरा आणि तयार व्हा."

त्याने मॅगझिन खिशात परत घातलं.