न संपलेल्या कादंबरीचा मलिदा

मिलकाबाई किहीमकर आपल्या ज्यू धर्मातल्या एलियाहू नबीला नवस बोलल्या होत्या, कादंबरी संपली की मलिदा करीन. मागच्या आठवड्यात सुनेने, डोरीनने विचारलं, "आई, संपली का हो?" शेवटच्या प्रकरणापाशी अडून वैतागलेल्या बाईंच्या तोंडून निघून गेलं, "झाली गं बाई!" नुसतं तिला गप्प करायला. पण डोरीन कसली गप्प बसते! तिने लगेच सगळ्यांना कळवलं, संडे आर्वोला, म्हणजे रविवारी दुपारी, मलिद्याला या.

आता सिडनीतल्या टूनगॅबीच्या त्या घरात पोहे, गूळ, नारळाच्या मलिद्याचं ताट फळांनी सजलं होतं आणि मिलकाबाई आतल्या खोलीत येरझारा घालत होत्या. अलिबागहून निघालेली नायिका आई गेल्यावर तिच्या मातीला परत जाते की नाही, एवढंच लिहायचं राहिलं होतं. सुनेशी खोटं बोलून झालं, आता नबीशीही?

"आई, चला ना! प्रार्थना सांगायला आलेले हझान खोळंबलेत."

त्या बाहेर आल्या. शेजारचा नंदू म्हणाला, "काकू, मला रोल ठेवलाय ना पुस्तकात?"

"मेल्या, गप्प बस." बाईंनी ताटावर दोन्ही हात ठेवले. "उचलू नका. कादंबरी संपलेली नाही. मी खोटं बोलले."

"अहो आई, घरभर माणसं बसलीयत!"

"म्हणूनच बोलतेय."

त्यांचे वडील सिनेगॉगच्या अंगणात योसेफाचं कीर्तन करत. आख्यान लावलं की ऐकणाऱ्याला अर्ध्यात टांगून ते कधी खाली बसले नाहीत. मिलकाबाईंनी त्यांचीच चाल धरली. नायिका सिडनीला आली, संसार थाटला, मुलगा मोठा झाला, आणि एक दिवस अलिबागहून फोन आला. रोज इथेच अडत होतं.

"मग? गेली का?" नंदूला राहवेना.

कीर्तनात समोरचा असा विचारतो, तेव्हा टाळता येत नाही हो.

"नाही गेली. मुलाची परीक्षा आहे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. ब्लॅकटाउनच्या फ्लॅटमध्ये सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळलं. पण आपण माती दिली नाही ना, मग आई गेलीच नाही, असं मनाला समजावत राहिली. अजून समजावतेय."

डोरीनने सासूचा हात धरला. हझानांनी चष्मा पुसला.

"आता तरी संपली का, मिलकाबाई?"

"संपली. म्हणा प्रार्थना. पण जरा भरभर, विसरायच्या आत लिहायचीय."

शेवटचं आमीन म्हणून त्या खोलीकडे वळल्या.

"आई, मलिदा तरी घ्या!"

"झाकून ठेव," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.