सातव्या दिवसाचा बल्ब

मी वायरमन आहे. बाई आहे हे खरं, पण ऑफिसनं ओळखपत्रावर वायरमनच छापलंय आणि मीही कधी तक्रार केली नाही. लोणीच्या आसपासच्या वस्त्या माझ्याकडे आहेत. सोळा वर्षांत लोक माझ्याशी खोटं बोलले असतील तर ते एकाच गोष्टीबद्दल, की घरात वीज कुठून कुठून येते. सुनेच्या अंगावर किती सोनं घातलं ते न विचारता सांगतील, पण एवढं सांगणार नाहीत.

सावळाराम आबांच्या वस्तीला आग लागल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजायचे होते. डिसेंबरातलं धुकं एवढं होतं की मोटारसायकलवरून मला रस्त्याची कडही धड दिसेना. आबांना जाऊन तो सातवा दिवस. पाहुण्यांच्या अंघोळीसाठी अंगणात बंब पेटवला होता. त्यातली ठिणगी कडब्याच्या गंजीवर उडाली, आणि गंज घराला चिकटूनच रचलेली. मी पोचले तोवर पुढची पडवी खाली आली होती. धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नव्हतं. माणसं अंगणाच्या कडेला उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. आगीच्या ठिकाणी केवढा आरडाओरडा असतो, मला त्याची सवय आहे. ही शांतता मला अजिबात आवडली नाही.

आग विझवायची गाडी माझ्या पाठोपाठच आली. गाडीवरचा गोरख माझ्या चांगल्या ओळखीचा. उतरता उतरता त्यानं विचारलं, “ताई, लाईट?”

आमचं हे ठरलेलं आहे. मी बंद केली म्हणेपर्यंत तो पाणी मारत नाही, आणि मी म्हटलं की पुन्हा विचारत नाही. मी डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर गेले, तिन्ही फ्यूज काढले आणि माझ्या पिशवीत टाकले. ते मी कधी डीपीवर ठेवत नाही, कारण आपली पाठ वळली की कुणीतरी शहाणा ते परत बसवतो. परत येऊन मीटरपाशी टेस्टर लावला. वीज नव्हती.

मग मी आबांच्या मोठ्या मुलाला, सोनबाला गाठलं. “इन्व्हर्टर, सोलर, जनरेटर, दुसरीकडून ओढलेली केबल, काय हाय का घरात?”

“न्हाई.”

“नीट आठवा, भाऊ.”

“न्हाई म्हनलं ना ताई.”

त्याची बायको हिरा शेजारीच उभी होती. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. चूक माझी होती, ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

घरात सोनबाची आई होती, साळुबाई. तिला एकदा बाहेर काढलं होतं, पण सगळ्यांचा डोळा चुकवून ती पुन्हा आत गेली. का, ते हिरानंच मला सांगितलं. माजघरात जिथं आबांनी प्राण सोडला, तिथं दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो, गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून. पहिल्याच रात्री तेलाचा दिवा वाऱ्यानं विझला होता. साळुबाईनं त्या रात्री जो हंबरडा फोडला, तो म्हणे पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी सोनबानं तिथं होल्डर टांगून साठचा पिवळा बल्ब लावला. बल्ब वाऱ्यानं विझत नाही, एवढा साधा विचार त्याचा.

पुढून आत शिरायची सोय राहिली नव्हती. मागे माजघराची खिडकी होती, पण बिबट्याच्या भीतीनं तिला बोटाएवढ्या जाड सळया लावलेल्या. आमच्याकडे सगळ्या वस्त्यांवर अशाच खिडक्या असतात. गोरखनं ठरवलं की सळयांना साखळी अडकवायची आणि गाडीनं खिडकी उपटून काढायची. आत काळाकुट्ट धूर होता, काहीसुद्धा दिसत नव्हतं. पाणी मारून मारून खिडकीखाली घोटाभर चिखल झाला होता. गोरख त्या चिखलात उभा राहिला, एका हातात साखळी घेतली आणि दुसरा हात सळईकडे नेला.

तेवढ्यात आत उजेड पडला.

आगीचा लाल उजेड नव्हता तो. पिवळा होता, स्थिर होता, आणि धुरात माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होता. मागं जमलेल्या माणसांनी हात जोडल्याचं मला न बघताही कळलं. कुणीतरी म्हातारी हळूच म्हणाली, “आबा आलं.” आणि आतून साळुबाईचा आवाज आला. ती मदतीला हाका मारत नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती. “आलात व्हय,” ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. पण हात आधी चालले. मी गोरखचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं आणि आम्ही दोघंही चिखलात आडवे झालो. उठून मी सळईला टेस्टर लावला. टेस्टर लख्ख पेटला. गेलेला माणूस टेस्टर पेटवत नाही. घड्याळ पाहिलं, तर साडेनऊ. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईन साडेनऊला सुरू होत होती. घराची लाईन मी बंद केली होती, पण ही दुसरी लाईन होती, दुसऱ्या डीपीवरची, आणि कुणीतरी ती या घरात आणली होती. भिंतीतली वायर जळून सळयांना चिकटली असणार.

सबस्टेशनला फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, तरी एंगेज. मी सोनबापुढं जाऊन उभी राहिले.

“शेतीची लाईन घरात कुठनं आणली?”

तो घराकडेच बघत राहिला. त्याच्या एक मुस्काटात द्यावी असं मला फार वाटलं. “तुमची आई आत हाय. गोरख आत्ता मेला असता. कुठनं आणली?”

“घरची लाईट लई जाती ताई,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “म्हनून दुसरी जोडून घेतली. एक गेली की आपसूक दुसरी लागती. दहाव्या दिवशी काढनारच व्हतो. आबांच्या कानात सांगितलंय म्या, दिवा इझू द्यायचा न्हाई म्हनून. आता तुमी बंद केली तर ते वाटंतच ऱ्हातील.”

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. वाईट माणूस नव्हता तो. आई आणि बाप यांच्यात एकाला निवडायची वेळ त्यानं स्वतःच स्वतःवर आणली होती, आणि आता त्याच्याच्यानं काही होत नव्हतं.

“चला,” हिरा म्हणाली. “हिरीवरच्या पेटीतनं आनलीय.”

ती पुढं आणि मी मागं, कांद्याच्या ओल्या वाफ्यांतून आम्ही धावत सुटलो. दोनशे पावलं असतील. धुक्यात तिची पाठसुद्धा मला मधूनच दिसत होती. विहिरीवरची मोटारीची पेटी उघडल्यावर मी मेन स्विचकडे हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं.

“तुमी नका ताई. घरचा दिवा हाय. लोकं उद्या ज्याला बोलायचं त्याला बोलतील, आत्याबाई जल्मभर तोंड बघनार न्हाईत. ते माझ्यावर येऊ दे.”

तिच्या हातात मी माझे रबरी हातमोजे चढवले. तिनं डोळे मिटून मेन खाली पाडला. धुक्यापलीकडून माणसांचा एकदम गलका आला, त्यावरून कळलं की तिकडं उजेड गेला. मी पेटीला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि आम्ही आल्या वाटेनं परत धावलो.

सळयांना दोन ठिकाणी टेस्टर लावला. काही नाही. “बंद,” मी गोरखला म्हणाले.

“नक्की?” त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला त्याचा राग आला नाही. मी आधी स्वतःचा उलटा हात सळईला लावला आणि मग बाजूला झाले.

खिडकी चौकटीसकट बाहेर आली. दहा मिनिटांत गोरखनं साळुबाईला खांद्यावर घालून बाहेर आणलं. केस होरपळले होते, खोकला थांबत नव्हता, पण जीव होता. सोनबानं तिचे पाय धरले. हिरा जवळ गेली नाही, चार हात लांबच उभी राहिली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “दिवा म्या बंद केला.”

साळुबाईनं पदराची गाठ सोडली. आत बल्ब होता, काजळी धरलेला.

“बल्ब तर माझ्यापाशी हाय,” ती म्हणाली. “धूर भरला तसा काढून घेतला. फुटला असता.”

तिच्या तळहातावर भाजल्याचा गोल डाग उठला होता. म्हणजे काढला तेव्हा तो पेटलेला होता. आणि धूर तर साडेनऊच्या कितीतरी आधी भरला होता, म्हणजे मी डीपीवर जाण्याआधीच तिनं तो काढला होता.

आग पुरती विझल्यावर मी माजघरात गेले. कुणी पाठवलं नव्हतं, माझी मीच गेले. छातीएवढ्या उंचीवर होल्डर लोंबत होता, रिकामा. मी चारही भिंती बॅटरी मारून पाहिल्या. दुसरा दिवा नव्हता, दुसरा होल्डर नव्हता, फुटलेली काचसुद्धा कुठं नव्हती. साडेनऊला त्या वायरीत वीज आली होती, हे मी कुणालाही पटवून देईन. पण तिथं पेटायला काही नव्हतं, आणि ते पेटलं नसतं तर गोरखचा हात सळईवर पडलाच असता. मी लगबगीनं बाहेर आले. मला भीती वाटली, यात लाजायचं काय?

बाहेर साळुबाईला बाजेवर निजवलं होतं. हिरा अजून तिथंच उभी होती. ती गोरखकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती, आणि शेवटी तिनं सासूलाच विचारलं.

“आत्याबाई, मग म्या मेन पाडला तवा इझलं ते काय व्हतं?”

साळुबाई खोकून खोकून दमली होती. तिनं सुनेला हातानं जवळ बोलावलं आणि बल्ब तिच्या ओंजळीत ठेवला.

“मला म्हनले, भाईर मानसं खोळंबल्यात, मी निघतो,” ती म्हणाली. “तू कशाला इझवतीस बाई. ते आपलं आपन गेलं.”

गोरख माझ्या तोंडाकडे बघत राहिला. विजेचं काहीही झालं की तो मलाच विचारतो.  हिरा बल्ब छातीशी धरून खाली चिखलात बसली आणि सात दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.