बाईंना परीक्षा नाही

"काका, तुम्हाला इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळत नाही," सल्लागार मुलगी म्हणाली आणि मुख्याध्यापकांचे पत्र तिने दोन बोटांनी परत सरकवले. "तुम्ही कुठल्या भाषेत शिकवलंत, ते तिथलं मंडळ बघतच नाही. तुम्ही स्वतः कुठे शिकलात, तेवढंच बघतात."

"अहो, अर्धं आयुष्य इंग्रजीतून पदार्थविज्ञान शिकवलंय मी."

"शिकवलं असेल हो. पण शिक्षण त्यांच्या यादीतल्या देशात झालेलं लागतं. निदान चार वर्षं."

सरांनी पत्राची घडी घातली, मग घडीवर आणखी एक घडी. शाळेत मुले त्यांना व्हर्नियर सर म्हणत; मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शासाठी पुरा गुण कापणारा माणूस. त्याच माणसाला इंग्रजी संभाषणात अर्धा गुण कमी पडला होता, आणि तोही तीनदा. शिक्षक म्हणून परदेशी स्थायिक व्हायचे, तर तिथल्या मंडळाने आधी तुमची पात्रता तपासायची आणि त्याहीआधी तुमचे इंग्रजी. वाचन, लेखन, श्रवण यांत सर सहज पार होत. बोलण्यात घोडे अडे.

कारण त्यांनी शोधून काढले होते. वर्गात ते वाक्य कधी पुरे करीत नसत. 'तापवला की धातू...' एवढे म्हणून ते भुवया उंचावत आणि सगळा वर्ग उरलेले वाक्य छपरापर्यंत पोहोचवी. परीक्षकासमोरही त्यांच्याकडून तेच झाले. वाक्य ऐन मोक्यावर आणून ते थांबले, भुवया वर. परीक्षकही थांबला. वाक्य पुरे करण्याचे त्याला काही कारण नव्हते. दोन सुशिक्षित माणसे एकमेकांकडे पाहत बसली. दुसऱ्या वेळी सर ठरवून गेले, तरी तेच. तिसऱ्या वेळी ठरवण्याच्या नादात जास्तच. निरीक्षण, निष्कर्ष, सगळे त्यांच्यापाशी होते. उपाय तेवढा नव्हता.

"आणि काकू काय करतात?" मुलीने सहज विचारले.

बाई शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "त्याच शाळेत. लहान गटाला शिकवते."

"शिक्षण कुठे झालं?"

बाईंनी सरांकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले. सर समोरच्या भिंतीवरचा नकाशा न्याहाळत होते.

"तिथेच," बाई म्हणाल्या. "वडिलांची नोकरी होती त्याच देशात. शिक्षणशास्त्राची चार वर्षांची पदवी मी तिथेच घेतली."

मुलीने पेन खाली ठेवले. "अहो काकू! मग तुम्हाला परीक्षाच नाही! अर्ज तुमच्या नावानं करायचा, काका जोडीदार म्हणून सोबत. त्यांचे आहेत तेवढे गुण त्याला भरपूर झाले. हे तुम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो नकाशा पाहत होता. वर्षापूर्वी मंडळाच्या संकेतस्थळावर सरांनी परीक्षेतून सूट देण्याचा नियम वाचला, त्याच क्षणी त्यांना बायकोची पदवी आठवली होती. आणि त्यांचे बोट स्क्रीनवरून पुढे सरकले होते. प्रयोगशाळेत न जुळणारा आकडा एखाद्या मुलाने गाळला, तर सर त्याला सगळा प्रयोग पुन्हा करायला लावीत. 'नको असलं तरी नोंदवायचं,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. तेवढे एक वाक्य ते पुरे करीत.

वडील गेल्यावर बाई आईसाठी परतल्या होत्या. तिथल्या शाळेबद्दल, तिथल्या थंडीबद्दल त्या अजूनही माहेराबद्दल बोलावे तशा बोलत. सरांना त्यांना तिथे परत न्यायचे होते. न्यायचे होते, मागून जायचे नव्हते. शिक्षकांच्या खोलीत ते नेहमी म्हणत, "आमच्या घरात विज्ञान माझ्याकडे, बडबडगीतं हिच्याकडे." सगळे हसत. बाईही हसत.

"तुम्ही दोघं बोलून घ्या," मुलगी उठली. "मी तोवर कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून आणते."

दार लागले.

"तुला सांगायचं राहून गेलं," सर म्हणाले.

"राहून गेलं?"

सर पुन्हा नकाशाकडे पाहू लागले.

"अहो, मीही वाचलं होतं. त्याच आठवड्यात. लॅपटॉप तुम्ही उघडाच ठेवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"आमच्या लहान गटात खडू कुणी फोडला, ते हातावरच्या भुकटीवरून कळतं. पण आपण नाव घ्यायचं नसतं. तो आपण होऊन सांगेपर्यंत थांबायचं. सांगतात सगळी. फार फार तर मधल्या सुटीपर्यंत." बाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "तुम्ही वर्ष घेतलंत."

"रागावलीस?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. लाज वाटायला लागली हो माझी मलाच. तुम्ही परीक्षेला निघालात की दारात उभी राहून म्हणायचे, 'जमेल या वेळी.' आणि मनात म्हणायचे, नाही जमलं तर निदान सांगतील तरी. नवरा नापास होण्याची वाट बघणारी बायको झाले मी."

सरांचे कान तापले. लाजेने रक्तवाहिन्या का रुंदावतात, हे ते नववीच्या वर्गाला नीट समजावून देत. त्या ज्ञानाने कान गार झाले नाहीत. काही तरी बोलायला हवे होते आणि जे जे सुचत होते, त्यात कुठे ना कुठे 'पण' येत होता. त्यांनी ते सगळे गिळले.

"मी लपवलं," ते शेवटी म्हणाले. "राहून गेलं नव्हतं."

बाईंनी मान हलवली. लहान गटातल्या मुलासमोर हलवतात तशी नव्हे, नुसती.

मुलगी कागद घेऊन परतली आणि की-बोर्ड पुढे ओढून बसली. "तर काकू, मुख्य अर्जदार तुम्ही. काकांना सोबत घ्यायचंय ना? आम्हाला विचारावं लागतं. मुख्य अर्जदाराची संमती लागते."

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.

"ते त्यांनी मला अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मुलगी थट्टा समजून हसली. मग तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि हसू मागे घेतले.

सरांनी खुर्ची वळवली. तिचे पाय फरशीवर करकरले. परक्या खोलीत, लेकीच्या वयाच्या परक्या पोरीसमोर, त्यांनी घसा साफ केला.

"मला तुझ्याबरोबर घेऊन जाशील का?"

मुलीने मान खाली घातली आणि टाइप करण्यासारखे काहीच नसताना बोटे की-बोर्डवर ठेवली.